शेवटच्या स्टॉपपर्यंत

नवीन सिनेमा कसा आहे, असं रायकर काकांना कोणी विचारलं की ते उलट विचारायचे, "तुम्ही शेवटच्या स्टॉपपर्यंत गेला होतात का?" समोरच्याने मध्यंतरानंतर झोप लागल्याचं कबूल केलं, किंवा पुस्तक शंभराव्या पानावर मिटल्याचं सांगितलं, तर काका मान हलवून विषय बदलायचे. अर्ध्या वाटेत उतरलेल्या प्रवाशाशी गावाबद्दल काय बोलणार, असं त्यांचं म्हणणं होतं.

काकांची सगळी नोकरी पनवेलच्या बस डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून गेली. म्हणजे जाळीच्या खिडकीमागे बसून, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे ते माइकवरून सांगायचं, आणि ती का लागली नाही याचा जाब विचारणाऱ्यांना तोंड द्यायचं. या नोकरीने त्यांना तीन गोष्टी दिल्या. एक, कधीही न चढणारा आवाज. दोन, दुसऱ्याच्या घाईबद्दल अपार शांतता. आणि तीन, एक फळा.

डेपोत लाल अक्षरांची सरकती पाटी आली तेव्हा तिथला जुना लाकडी फळा अडगळीत गेला होता. काकांनी रीतसर अर्ज करून तो मिळवला आणि टेम्पोतून आमच्या इमारतीत आणला. खाली, पत्रपेट्यांच्या शेजारच्या भिंतीवर तो लागला. त्यावर पिवळ्या ऑइलपेंटने चार रकाने कायमचे आखलेले होते: गाडी, मार्ग, सुटण्याची वेळ, शेरा. काकांनी ते तसेच ठेवले. दर शनिवारी सकाळी आंघोळ करून, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून ते खाली यायचे. इतरांच्या खिशाला पेन असतं, काकांच्या खिशाला खडू असायचा. आणि मग त्या रकान्यांत आठवड्याचा हिशेब लागायचा: एक सिनेमा, एक गाणं, एक पुस्तक, एक प्रवास. 'गाडी'खाली नाव, 'मार्ग'खाली विषय, 'सुटण्याची वेळ'खाली कधी पाहिलं किंवा ऐकलं ते. आणि शेवटी शेरा.

चांदण्या किंवा दहापैकी गुण असला प्रकार काकांकडे नव्हता. शेवटचं वाक्य दोनपैकी एक: 'पुन्हा जाईन' किंवा 'पुन्हा जाणार नाही'. अर्धवट सुटलं असेल तर फक्त 'मध्येच उतरलो'. त्यापुढे वाईट शब्द नाही, कारण पुढे काय होतं ते आपल्याला ठाऊक नाही.

हा फळा काकू गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात आला. त्याआधी ही सगळी मतं काकू ऐकत असत, बहुतेक वेळा सिनेमाहून परत येताना रिक्षात. काका हे एकदाच बोलले, तेही खडू शोधता शोधता. "सांगायला कुणीतरी लागतं हो. नाहीतर पाहिलेलं अंगावर तसंच राहतं."

आमच्या इमारतीचं नाव 'सागरवैभव' आहे. गच्चीवरून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसांना शनिवारचं काहीतरी लागतंच. लोक दूध घेऊन येताना फळ्यापुढे थांबायचे. ज्या मारधाडपटाने अख्खं पनवेल वेडं केलं होतं, त्याच्यापुढे काकांनी लिहिलं, 'घाटात तीनदा गरम झाली. प्रवासी खाली उतरून ढकलत होते आणि आनंदात होते. पुन्हा जाणार नाही.' एक छोटा मराठी सिनेमा चारच दिवस लागला होता. त्याचा शेरा: 'प्रवासी सहा. गाडी वेळेवर. शेवटच्या स्टॉपवर कुणी उतरायला तयार नव्हतं. पुन्हा जाईन.' काका खरोखर पुन्हा गेले, तेव्हा प्रवासी अकरा होते. त्यातले चौघे आमच्या इमारतीतले.

दुसऱ्या मजल्यावरची अफरीन औषधशास्त्र शिकते आणि कानांवर हेडफोन घालूनच जिना उतरते. एका शनिवारी ती फळ्यासमोर उभी राहून म्हणाली, "काका, हे नाइन्साफी आहे. तुम्ही फक्त तुमच्या जमान्याची गाणी लिहिता."

"तुझ्या जमान्याची कोण देणार मला?"

तिने हेडफोन काढून त्यांच्या हातात दिला. खालच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून काकांनी एका रॅप गाणाऱ्या मुलाची लागोपाठ अकरा गाणी ऐकली. मध्ये वॉचमन दोनदा विचारून गेला, काकांना बरं वाटत नाहीये का. अफरीन समोर पायरीवर बसून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. अकरावं संपल्यावर काका म्हणाले, "सातवं परत लाव."

"आवडलं?"

"आवडलं की नाही ते नंतर. तो आईचं काहीतरी म्हणाला, ते निसटलं."

शेरा असा पडला: 'वेग फार. तरी ड्रायव्हरचा हात बसलेला आहे, एकही वळण चुकत नाही. सातव्या गाण्यावर पुन्हा जाईन.' अफरीनने त्याचा फोटो काढून कुणाकुणाला पाठवला. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी एक नवीन गाणं काकांपुढे हजर व्हायला लागलं. त्यातली निम्मी 'पुन्हा जाणार नाही'त निघाली. ती भांडायची, काका शांतपणे खडू खिशात ठेवायचे.

प्रवासाची ओळ सर्वांत साधी होती. काका एसटीत बसायचे, गाडी जिथे वळते तिथे उतरायचे, चहा प्यायचे आणि त्याच गाडीने परत यायचे. मी एकदा विचारलं, "काका, नेऱ्याला पाहण्यासारखं काय आहे?"

"नेरे."

पावसाळ्यात त्या गावच्या स्टॉपवर डोंगरावरच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. अशाच एकीकडून काकांनी शेवळाच्या जुड्या आणल्या. शेवळं घशाला खाजतात आणि ती खाज मारायला काकडं नावाची आंबट फळं बरोबर घालावी लागतात, हे त्या बाईने त्यांना दोनदा बजावून सांगितलं होतं. शनिवारी फळ्यावर: 'नेरे. शेवळं घेतली, काकडं विसरलो. घसा दोन दिवस बंद. चूक प्रवाशाची. पुन्हा जाईन.' पुढच्या शनिवारी गेले, आधी तिला भेटून माफी मागितली आणि मग काकडं घेतली. ती म्हणे हसून लोळली. "सांगलेला आयकत नाय, नि मंग घसा धरून बसतो," असं तिने शेजारणीला सांगितलं, तेही काकांनी फळ्यावर जसंच्या तसं उतरवलं.

आता जनार्दन शेठबद्दल सांगायला हवं, कारण फळ्यावर संकट आलं ते त्यांच्यामुळे.

शेठ मूळचे गव्हाणकडचे. वडिलांचं मिठागर होतं. ते सरकारच्या भूसंपादनात गेलं, मग शेठ इमारती बांधायला लागले. आमचीही त्यांनीच बांधली आणि वरचा मजला स्वतःला ठेवला, म्हणून ते आमचे कायमचे चेअरमन. माणूस मोठ्या मनाचा. कुणाच्या घरी दुखणं निघालं की पहिली गाडी त्यांची. फक्त चार माणसांसमोर उभे राहिले की ते 'सदर प्रसंगी' आणि 'याठिकाणी' असं बोलायला लागायचे. ती भाषा ते लग्नातल्या सुटासारखी घालायचे आणि पार्किंगमध्ये येताच काढून ठेवायचे.

शेठ सहकुटुंब चौदा दिवस युरोपला जाऊन आले आणि त्यांच्या मनात आलं, की यावर पुस्तक व्हायला हवं. ते फोनमध्ये बोलत गेले, त्यांचा पुतण्या निलेश टाइप करत गेला आणि पानं माझ्याकडे येत गेली. मुद्रितं तपासणं आणि लोकांची भाषा सुधारून देणं हा माझा व्यवसाय. शेठनी म्हटलं होतं, "बर्फ बघला नि मना थंडीच वाजली, दुसरा काय वाटलाच नाय." मी ते करून दिलं, 'हिमशिखरांचे ते धवल वैभव पाहून अंतःकरण स्तिमित झाले.' असं दोनशे सहा पानं. पुस्तकाला नाव दिलं 'हिमशिखरांच्या सुवर्णछायेत'. तेही मीच दिलं. दिखाऊपणा मला लांबूनही ओळखता येतो असा त्या वेळी माझा समज होता.

पुस्तक छापून आलं. प्रकाशन समारंभ नाट्यगृहात ठरला. पहिली प्रत शेठनी काकांना दिली. "काका, तुमी लिवा फल्यावर. सगली बिल्डिंग तुमचा आयकते."

"वाचून होऊ द्या," काका म्हणाले.

पुढच्या शनिवारी फळ्यावर पुस्तकाच्या ओळीत होतं, 'वाटेत आहे. पान ३४.' त्याच्या पुढच्या शनिवारी, 'वाटेत आहे. पान ५१.' लोक खास पान नंबर बघायला थांबू लागले. हे शेठच्या कानावर गेलं असणार. कारण सोसायटीचा सेक्रेटरी असलेला निलेश एका संध्याकाळी काकांकडे आला. मी तिथे बसलो होतो.

"काका, खाली आपण डिजिटल स्क्रीन लावतोय. नोटिसा, वाढदिवस, सगळं एकदम प्रोफेशनल. जागा तीच आहे, फळ्याची."

"बरं."

"म्हणजे आमच्या शेठकाकांनी मनावर घेतलं तर फळ्यासाठी दुसरी भिंत बघता येईल. त्यांना एवढंच वाटतं, समारंभाच्या आधी पुस्तकाचं काहीतरी चांगलं यावं."

"निलेश, मला अजून दीडशे पानं जायचं आहे."

"अहो काका, कोण वाचतंय सगळं!"

काकांनी त्याच्याकडे, सुटलेल्या गाडीची चौकशी करणाऱ्या प्रवाशाकडे पाहावं तसं पाहिलं. कीव होती, राग नव्हता. निलेश गेल्यावर मी म्हणालो, "काका, दोन ओळी लिहून टाका. 'छपाई उत्तम' लिहा. खोटंही नाही."

"गाडीचा रंग चांगला आहे, असं मी कधी अनाउन्स केलं नाही," काका म्हणाले. मग निलेशने उघडं ठेवलेलं दार लावत, "भिंत गेली तर मी कुणाला सांगू, हा प्रश्न आहेच."

दोन दिवसांनी स्क्रीन आला. फळा उतरवून, भिंतीकडे तोंड करून मीटर रूममध्ये ठेवला गेला. त्या शनिवारी काका पांढरा शर्ट घालून खाली आले, मीटर रूममध्ये गेले, फळा सरळ केला आणि लिहिला. मग 'सागरवैभव'मधली सुशिक्षित कुटुंबं आपापल्या दुधाच्या पिशव्यांसह विजेच्या मीटरांच्या मधोमध उभी राहून वाचू लागली. पुस्तकाच्या ओळीत होतं, 'वाटेत आहे. पान ९८.'

शेठ हट्टाचे पक्के. त्यांनी काकांना समारंभात 'वाचक प्रतिनिधी' म्हणून व्यासपीठावर बसवलं. सगळ्यांसमोर माणूस चांगलंच बोलतो, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता. व्यासपीठावर नऊ खुर्च्या, प्रत्येकीसमोर पाण्याची बाटली आणि मागे शेठचा आल्प्ससमोरचा बारा फुटी फोटो. प्रमुख पाहुण्यांनी पाऊण तास पुस्तकाचं कौतुक केलं. त्यांची प्रत पारदर्शक कागदात गुंडाळलेली होती आणि शेवटपर्यंत तशीच राहिली. तिसऱ्या रांगेत बसून मी हे सगळं मनातल्या मनात टिपून घेत होतो. गंमत वाटत होती.

मग काका उठले. माइक हाताशी आला आणि सवयीने तोंडातून गेलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

सभागृह हसलं. काकाही हसले.

"पुस्तक दोनशे सहा पानांचं आहे. मी आज सकाळी गव्हाणच्या गाडीतून शेवटच्या स्टॉपवर उतरलो, तेव्हा तेही संपलं. पहिल्या पानापासून एकशे अकरापर्यंत गाडीत फार सभ्य माणसं होती. कुणाला भूक लागली नाही, कुणाचे पाय दुखले नाहीत, कुणी खिडकी उघडली नाही. शेठही त्या गाडीत होते म्हणतात. मला काही ते दिसले नाहीत."

हसणं थांबलं. शेठ समोरच्या बाटलीकडे पाहत होते.

"एकशे बारा पानावर ड्रायव्हर बदलला," काका म्हणाले, आणि त्यांनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. अनाउन्समेंटच्या त्याच आवाजात, चढ नाही, उतार नाही.

"'मिठाच्या खाणीत नेला आमाला, डोंगराच्या पोटात. गाईड बाई सांगत होती, हिकरं मीठ डोंगरातून काढतात. मी बोललो, आमचा बा उन्हातून काढाचा. तिला समजला नाय. बाच्या पायांना मिठानी भेगा परल्या होत्या, आई त्याला खोबरेल लावाची. सकाली मिठागरात पाय टाकला का बा डोले मिटाचा, बोलाचा नाय काय. गाईड बोलली, भिंत चाटून बघा, खारट हाय. सगल्यांनी चाटली. मी नाय चाटली. मना चव म्हायती हाय.'"

मागच्या रांगांत गव्हाणकडची माणसं बसली होती. त्यातल्या एका म्हाताऱ्याने मोठ्याने "हा!" म्हटलं.

"एकशे तेरापासून पुन्हा सभ्य माणसं," काका म्हणाले. "तेव्हा शेरा असा. बाकीच्या गाडीने पुन्हा जाणार नाही. एकशे बारावर पुन्हा जाईन. आज सकाळी तीनदा गेलो. धन्यवाद."

प्रमुख पाहुण्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. भाषण संपलं एवढं त्यांना कळलं होतं. मी खुर्चीत जमेल तेवढा खाली सरकलो होतो. एकशे बारा नंबरचं पान मला चांगलं आठवत होतं. ते सगळ्यात शेवटी आलं, आणि मी त्या दिवशी तापाने अंथरुणात होतो. छापखान्याची घाई होती, म्हणून मी फोनवर सांगितलं, राहू द्या, एका पानाने काय होतं, आहे तसं लावून टाका.

बटाटेवड्याच्या रांगेत शेठनी मला गाठलं. सूट अंगात होता, भाषेचा उतरला होता.

"सर, त्या पानाला तुमी हात लावला नवता ना?"

"नाही शेठ. त्या दिवशी मला ताप होता."

"वाटलाच मना." त्यांनी एक वडा उचलला, पाहिला, परत ठेवला. "मंग बाकीचा पन तापातच करायचात ना!"

त्यांनी परत ठेवलेला वडा उचलून मी रांगेतून बाहेर पडलो.

सोमवारी सकाळी फळा जागेवर होता. तो कुणी लावला ते वॉचमनला 'माहीत नव्हतं', पण शेठच्या गडद शर्टाला खडूची पूड लागलेली मी पाहिली. स्क्रीन लिफ्टशेजारी गेला. तिथे तो अजूनही, केव्हाच फ्लॅट विकून गेलेल्या एका गृहस्थांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देत असतो. आणि त्याच आठवड्यात शेठ काकांच्या दारात उभे राहिले. "पुन्हा जाईन बोल्लाव ना? चला मंग." दोघं एसटीने गव्हाणला गेले. शनिवारी प्रवासाच्या ओळीत होतं, 'मिठागर दिसलं नाही, तिथे आता रस्ता आहे. शेठनी हात करून जागा दाखवली. तेवढ्या जागेकडे बघत आम्ही अर्धा तास उभे होतो. पुन्हा जाईन.' त्यानंतर महिन्यातून एकदा ते जातच राहिले.

मागच्या दिवाळीनंतर काकांचे गुडघे जास्तच कुरकुरू लागले, आणि त्यांची रत्नागिरीची मुलगी ऐकेना. तिच्याकडे राहायला जायचं ठरलं. शेठनी स्वतःची गाडी देऊ केली, ड्रायव्हरसकट.

"नको. कारला शेवटचा स्टॉप नसतो," काका म्हणाले.

म्हणून आम्ही तिघं सकाळी त्यांना सोडायला डेपोत जमणार होतो: मी, अफरीन आणि शेठ. शेठ मात्र वेळेवर पोचले नव्हते. अफरीनने काकांच्या फोनमध्ये चाळीस गाणी भरून दिली आणि बजावलं, "'मध्येच उतरलो' लिहायचं नाही हां. पूरी ऐकायची." काका खिडकीशी बसले. जुन्या जाळीच्या खिडकीकडे त्यांनी एकदाच पाहिलं, आणि शेजारच्या प्रवाशाला विचारलं, गाडी नक्की याच फलाटावरून सुटते ना. कंडक्टर चढला तेवढ्यात शेठ धावत आले, घामाघूम, काखेत एक निळी फाइल.

"काका, ही घ्या." त्यांनी ती खिडकीतून आत ढकलली. बॉलपेनने लिहिलेली पानं होती, अक्षर मोठं आणि तिरकं. "बाचा लिवलाय. मिठागराचा. निलेशला टाइप कराला दिला नाय. सरांना तर दाखवलाच नाय."

शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे पाहून, बऱ्याच अभिमानाने म्हटलं.

"किती पानं?" काकांनी विचारलं.

"अठ्ठेचालीस. पन काका, खरा सांगाचा. चांगला बोलाचा म्हनून नको."

"आधी शेवटच्या स्टॉपला जाऊ द्या."

बेल वाजली. गाडी मागे आली, वळली. आम्ही तिघांनी हात वर केले. खिडकीत काकांनी खिसा चाचपला, खडू निघाला, तो परत ठेवून दुसऱ्या खिशातून चष्मा काढला, फाइल मांडीवर उघडली आणि मान खाली घातली. फाटकातून बाहेर पडेपर्यंत ती मान वर झाली नाही. आमचे हात वरच राहिले.

"बघला पन नाय हो आपल्याकरं," शेठ म्हणाले. एवढे खूश मी त्यांना प्रकाशन समारंभातही पाहिले नव्हते.

गाडी दिसेनाशी झाली तरी ते तिथेच उभे होते.

"सर, पलस्पे फाट्यापरयंत किती पानं होतील?"

"सिग्नल लागला तर तीन."

शेठनी टाचा उंच करून रस्त्याकडे पाहिलं.

"लागंल," ते म्हणाले. "या टायमाला लागतोच."